हाडांचा सातबारा

८ जुलै २०१८, रविवार. पोलंडचे अध्यक्ष आंद्जेय दुदा युक्रेनच्या व्होलिन भागातल्या एका शेतात पुष्पचक्र घेऊन उभे होते. तिथे पूर्वी पोकुता नावाचं पोलिश गाव होतं. १९४३ मध्ये ते पुसलं गेलं. त्याच दिवशी युक्रेनचे अध्यक्ष पेत्रो पोरोशेन्को पोलंडच्या पूर्व टोकाला, साग्रिन गावात होते. तिथे मार्च १९४४ मध्ये पोलिश भूमिगत सैनिकांनी शेकडो युक्रेनियन गावकरी मारले होते. सीमेवरचा खोळंबा सोडला तर दोन जागांमधलं अंतर मोटारीने दोन-तीन तासांचं. दोन मित्रराष्ट्रं, रशिया हा समान वैरी, दोन्ही राष्ट्राध्यक्ष एकमेकांच्या देशात पाहुणे; आणि प्रत्येक जण फक्त आपल्या मढ्यांना फुलं वाहायला गेलेला. दुसऱ्याच्या मढ्यांकडे फिरकायला दोघांनाही सवड झाली नाही.

याला म्हणे स्मरण. मला तर हा तलाठ्याच्या कचेरीतला उद्योग वाटतो. मेलेल्यांची आठवण काढणं म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवणं झालंय: कब्जेदाराच्या रकान्यात आपले मेलेले, इतर हक्कांच्या रकान्यात शेजाऱ्याचा गुन्हा, आणि आपला गुन्हा? त्याचा फेरफार अजून मंजूरच व्हायचाय.

आधी घडलं काय ते सांगतो. व्होलिन म्हणजे आजच्या युक्रेनचा वायव्य कोपरा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो पोलंडच्या ताब्यात होता. सहा माणसांत एक पोलिश, चार युक्रेनियन, उरलेल्यांत बहुतेक ज्यू. १९३९ मध्ये स्टालिन आला, १९४१ मध्ये हिटलर. १९४३ मध्ये स्तेपान बांदेराच्या राष्ट्रवादी संघटनेने आणि तिने उभ्या केलेल्या युक्रेनियन बंडखोर सेनेने ठरवलं की युद्ध संपेल तेव्हा या मातीवर पोलिश माणूस शिल्लकच नको, म्हणजे सीमा आखताना वाद नको. फेब्रुवारीत पारोश्ला नावाच्या वस्तीपासून सुरुवात झाली. कुऱ्हाडी, विळे, दाताळी. आणि ११ जुलैला, रविवार मुद्दाम गाठून, एका दिवसात शंभराच्या आसपास वस्त्यांवर हल्ले झाले. रविवारच का? कारण रविवारी पोलिश माणूस कुठे सापडणार हे शेजाऱ्याला ठाऊक असतं. तो चर्चमध्ये असतो, बायकापोरांसह, निःशस्त्र.

किसेलिन गावात त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर लोकांना कळलं की बाहेर बंदूकवाले उभे आहेत. काही जण बाहेर पडले नि मेले. काही जण लगतच्या पाद्र्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर चढले, दारं अडवली आणि विटा फेकत राहिले. तासन् तास. शिडी लागली की विटा, डोकं दिसलं की विटा. रात्री हल्लेखोर कंटाळून निघून गेले. क्शेसिमिर देम्ब्स्की या आजच्या नामवंत पोलिश संगीतकाराचे आईवडील या विटा फेकणाऱ्यांत होते. वडिलांचा पाय तिथे गेला. वेढा घालणारे कोण होते? आसपासच्या खेड्यांतले. ज्यांच्या ओसरीवर हे लोक पाणी प्यायले असतील असे.

व्होलिनमध्ये ४० ते ६० हजार, आणि लगतचा पूर्व गॅलिशिया धरला तर एक लाखाच्या घरात पोलिश माणसं मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पोलिश बाजूने सूडात मारलेल्या युक्रेनियनांचा आकडा १० ते २० हजारांच्या आसपास मानतात. हे आकडे सारखे नाहीत, आणि ते सारखे असल्याचं सोंग मी करणार नाही. ‘दोन्ही बाजूंनी वाईट झालं’ हे वाक्य मला उबग आणतं. एका बाजूने आखून, तारीख ठरवून, अख्खा प्रदेश रिकामा करण्याचा कार्यक्रम राबवला. दुसरीने सूडाने आंधळं होऊन गावं जाळली. दोन्ही खूनच, पण एकाच वजनाचे नव्हेत. एवढं बोलून मोकळं व्हायला युक्रेनला अजून जड जातं.

तिथल्या देशभक्त मंडळींची उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं उत्तर, सुरुवात त्यांनी केली. खरंच आहे, सुरुवात नावाची गोष्ट हवी तितकी मागे नेता येते. पोलंडने १९२० च्या दशकात व्होलिनमध्ये माजी सैनिकांना जमिनी देऊन वसवलं, तेव्हा शेजारचा भूमिहीन युक्रेनियन बघत उभा होता. १९३० मध्ये घातपातांचा बंदोबस्त म्हणून पोलीस आणि घोडदळ युक्रेनियन खेड्यांत घुसलं, वाचनालयं नि सहकारी दुकानं उद्ध्वस्त केली, माणसांना फोडून काढलं. १९३८ च्या उन्हाळ्यात खेल्म भागात शंभराहून अधिक ऑर्थोडॉक्स चर्चं सरकारी हुकमाने पाडली. हे सगळं घडलं, आणि पोलिश शाळकरी पोराला ते नीट शिकवायला हवं. पण चर्च पाडणाऱ्या सरकारचा हिशेब पाच वर्षांनी किसेलिनच्या पोरीकडून कसा चुकता होतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. दुसरं उत्तर, ते खरे बंडखोर नव्हतेच, वेष पालटलेले सोव्हिएत हेर होते. आणि तिसरं, सगळ्यांत लाडकं: बांदेरा तेव्हा जर्मनांच्या छळछावणीत होता. होता ना! साक्सेनहाउसेनमध्ये होता. म्हणून त्याच्या नावाने घोषणा देत मारायला निघालेले लोक काय दुसऱ्याच कुणाचे होते?

शिवाय हे मारेकरी आकाशातून पडले नव्हते. १९४३ च्या वसंतात सुमारे पाच हजार युक्रेनियन पोलीस जर्मनांची नोकरी सोडून, बंदुकांसकट, जंगलात बंडखोरांना मिळाले. नोकरीत असताना त्यांनी काय केलं होतं? मागच्या वर्षभरात व्होलिनचे ज्यू, दोन लाखांच्या आसपास माणसं, खड्ड्यांच्या काठावर उभी करून मारायला जर्मनांना मदत केली होती. गाव कसं घेरायचं, माणसं कशी मोजायची, कुणालाही निसटू कसं द्यायचं नाही, हा धडा तिथे गिरवून झाला होता. आणि त्यांच्या रिकाम्या जागा जर्मनांनी कुणाला दिल्या? पोलिश तरुणांना. मग तेही जर्मन गणवेशात युक्रेनियन गावं जाळायला गेले. या कथेत शहाणे बसवायचे तर कुठे बसवायचे, सांगा. ज्यूंचं तर या भांडणात नावच निघत नाही. त्यांच्या बाजूने ११ जुलैला भाषण करायला तिथे कुणी उरलेलंच नाही.

आता जरा वॉर्साकडे वळतो, कारण कीववाल्यांना झोडपलं की पोलिश मित्रांच्या चेहऱ्यावर फार लवकर समाधान पसरतं.

२०१८ च्या सुरुवातीला पोलंडने एक कायदा केला. एकाच कायद्यात दोन कलमं शेजारीशेजारी होती. पोलिश राष्ट्रावर नाझी गुन्ह्यांची जबाबदारी टाकली तर तीन वर्षांपर्यंत कैद. आणि युक्रेनियन राष्ट्रवाद्यांचे गुन्हे नाकारले तरीही शिक्षा. म्हणजे आपलं पाप उच्चारणं गुन्हा, आणि शेजाऱ्याचं पाप न उच्चारणं गुन्हा. स्मृतीचं इतकं प्रामाणिक चित्र कुठल्याही इतिहासकाराने काढलेलं नाही. ते संसदेने राजपत्रात छापलं! इस्रायल आणि अमेरिका खवळल्यावर त्याच जूनमध्ये कैदेची तरतूद काढून टाकली. युक्रेनियनांविषयीचे शब्द पुढच्या वर्षी घटना न्यायाधिकरणाने संदिग्ध म्हणून रद्द केले. पण मन काय होतं ते दिसून गेलं होतं.

आणि पोलंडच्या कॅलेंडरवर ११ जुलैच्या अलीकडचं पान कुठलं आहे? १० जुलै. १९४१ च्या १० जुलैला येद्वाब्ने गावात पोलिश गावकऱ्यांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारात कोंडून जाळलं. निदान ३४० माणसं, असं पोलंडच्याच राष्ट्रीय स्मृती संस्थेचा तपास सांगतो. चाळीसेक वर्षं तिथल्या दगडावर कोरलं होतं की हे गेस्टापोने नि जर्मन पोलिसांनी केलं. तो दगड २००१ मध्ये हटला, अध्यक्ष क्वाश्न्येव्स्की यांनी तिथे माफीही मागितली. आणि आजही पोलंडमध्ये तो माफीनामा म्हणजे देशद्रोह होता असं मानणारे हजारोंनी भेटतील. ११ जुलैच्या दुखवट्याचे जे सर्वांत मोठे पुरस्कर्ते आहेत, त्यांना एक दिवस आधी विचारून बघा. आदल्या दिवशी हीच मंडळी पुरावे मागतात.

साग्रिनचीच गोष्ट घ्या. पोरोशेन्को आले त्याच कार्यक्रमात लुब्लिनच्या युक्रेनियन संघटनेच्या अध्यक्षाने म्हटलं की इथे पोलिश भूमिगतांनी मानवतेविरुद्ध गुन्हा केला. हा माणूस पोलंडचा नागरिक, बोलला तेही कबरींसमोर. प्रांताच्या राज्यपालाने थेट सरकारी वकिलाकडे तक्रार धाडली. राष्ट्राचा अपमान झाला म्हणे. राष्ट्राचा अपमान १० मार्च १९४४ ला झाला नव्हता, बोलल्यावर झाला.

हे सगळं भाषणांत आणि कायद्यांत राहिलं असतं तर मी एक शिवी हासडून गप्प बसलो असतो. पण दोन्ही राष्ट्रांनी मिळून जे हाडांचं केलं, ते मात्र सोडवत नाही.

एप्रिल २०१७ मध्ये पोलंडच्या ह्रुशोविचे गावातलं बंडखोर सेनेचं स्मारक पाडण्यात आलं. परवाना नव्हता, खाली कुणाचे सांगाडे आहेत याचा पत्ता नव्हता, हे पोलंडचं म्हणणं. आणि ते चुकीचंही नसेल. उत्तर म्हणून युक्रेनने काय करावं? आपल्या भूमीवर पोलिश शोधपथकांना खोदायला बंदी घातली. व्होलिनमधल्या विहिरींत नि शेतांत पडलेल्या बायकामुलांचे अवशेष एका सिमेंटच्या कमानीच्या बदल्यात ओलीस ठेवले. तेव्हा युक्रेनच्या स्मृती संस्थेच्या खुर्चीवर व्होलोदिमिर व्यात्रोविच होते. त्यांनी या कत्तलीवर लिहिलेल्या पुस्तकात तिला दुसरं पोलिश-युक्रेनियन युद्ध ठरवलंय. म्हणजे पाळण्यातली पोरं ही शत्रुसेना. पुढे वाद आणखी बारीक झाला: मोनास्तिझच्या जंगलातली बंडखोरांच्या कबरीवरची फोडलेली पाटी पोलंडने पुन्हा बसवली, पण मृतांच्या नावांची यादी वगळून. युक्रेन म्हणालं, आधी नावं कोरा, मग खोदू. घोडं काही वर्षं तिथेच अडलं.

तिकडे ल्व्हिव्हच्या स्मशानात दोन दगडी सिंह होते. १९१८ च्या लढाईत मेलेल्या पोलिश पोरांच्या दफनभूमीचे राखणदार. २०१५ मध्ये ते जागेवर परत आले, तर शहरातल्या पुढाऱ्यांच्या भावना दुखावल्या; म्हणून सिंहांना फळ्यांच्या खोक्यांत बंद केलं. सहा वर्षांहून जास्त काळ ते खोक्यात उभे. मे २०२२ मध्ये, पोलंड लाखो युक्रेनियन निर्वासितांना घरात घेत होता तेव्हा, फळ्या निघाल्या. दगडाला सूट मिळाली. हाडांना तरीही नाही; त्यासाठी २०२४ चा नोव्हेंबर उजाडावा लागला, तेव्हा कुठे दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी आता अडथळा नाही असं जाहीर केलं. क्षेपणास्त्रं पडत असताना इतकी वर्षं हा हट्ट! मॉस्कोला आणखी काय हवं? त्यांच्या प्रचारकांना काही रचावं लागत नाही. दोन्हीकडची भाषणं नुसती कापून चिकटवली तरी भागतं.

माझा या प्रकरणातला सगळ्यांत जुना राग मात्र या हाडांपेक्षा वेगळ्या माणसांसाठी आहे. २००७ मध्ये पोलंडच्या स्मृती संस्थेने रोमुआल्ड नेद्झ्येल्को यांनी तयार केलेली एक नोंदवही छापली. तिच्यात तेराशेहून अधिक युक्रेनियन आहेत, ज्यांनी आपल्या पोलिश शेजाऱ्यांना वाचवलं. कुणी रात्री दारावर थाप मारून सांगितलं, उद्या इथे राहू नका. कुणी धान्याखाली लपवलं, कुणी पोरं आपली म्हणून सांगितली. अडीच हजार माणसं अशी वाचली. आणि वाचवणाऱ्यांपैकी साडेतीनशेहून अधिक जणांना त्यासाठी आपल्याच लोकांनी ठार मारलं. याहून मोठे शूर कुठल्या राष्ट्राला हवेत? पण कीवने मॉस्को हमरस्त्याचं नाव बदललं तेव्हा, २०१६ मध्ये, पाटीवर बांदेरा आला. या तेराशेंना मिरवायचं तर कुणापासून वाचवलं हे सांगावं लागतं, तिथे अडचण होते. आणि पोलंडला? दोमोस्तावा गावी २०२४ मध्ये भलंमोठं स्मारक उभं राहिलं, त्यात युक्रेनच्या त्रिशूळावर भोसकलेलं मूल आहे. आज त्रिशूळ हे युक्रेनचं राजचिन्ह आहे, सैनिकांच्या छातीवर असतं. त्या शिल्पासमोर उभ्या राहिलेल्या पोलिश पोराला नोंदवहीतली नावं सांगायची कोणी, आणि त्याने ती ठेवायची कुठे? संतापाच्या गणितात वाचवणारा शेजारी हा फक्त घोटाळा करतो.

‘तुम्ही कोल्हापूरकर, तुम्हाला हे कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी: वळिवडे. १९४३ ते १९४८ आमच्या गावाशेजारच्या छावणीत जवळजवळ पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले, बहुतेक बायका नि पोरं. चर्च, शाळा, नाटकं, सगळं त्यांनी उभं केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं तेव्हा आमच्याकडे फेटे उडायचेच बाकी होते. पण ही माणसं आली कुठून, हे किती जणांनी विचारलं? ती याच पूर्व पट्ट्यातली. स्टालिनने १९४० मध्ये मालगाड्यांत भरून सैबेरियाकडे पिटाळलेली, मग इराणमार्गे इथे. सगळ्यांत आधी उचलली गेली ती जमिनी मिळालेल्या माजी सैनिकांची कुटुंबं. म्हणजे ज्या उन्हाळ्यात वळिवड्याच्या बराकी भरत होत्या, त्याच उन्हाळ्यात मागे राहिलेल्या त्यांच्या शेजाऱ्यांना कुऱ्हाडीने तोडलं जात होतं. स्टालिनने हद्दपार केलं म्हणून वाचलेली माणसं! आपल्या स्मारकांवर हे बसत नाही. तिथे बसतो तो महाराष्ट्राचा पाहुणचार, आणि तो खरा आहे, पण तेवढंच सांगायचं म्हणजे आपणही आपलंच नाव चढवतोय.

पोलिश गेले आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर, जिथे अर्धा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो. छावणी रिकामी होण्याच्या सुमारास, गांधीहत्येनंतर, याच कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं पेटली, भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ पेटला. ते युद्ध नव्हतं, व्होलिनशी त्याची तुलना करणं हा मूर्खपणा होईल. पण नंतरची वाक्यं मात्र शब्दशः तीच आहेत. पेटवणारे बाहेरचे होते. मग बाहेरच्यांना अंधारात घरं कुणी दाखवली? सुरुवात त्यांनीच केली. आता कशाला उकरता? एका बाजूच्या घरात ती आठवण दार लावून सांगतात, दुसऱ्या बाजूच्या घरात ती सांगतच नाहीत, आणि दोन्ही घरं एकाच गल्लीत आहेत. तेव्हा पोलंड-युक्रेनला चार शब्द सुनावताना मराठी माणसाने आवाज फार चढवू नये. मी चढवतो, कारण मला त्याचेच पैसे मिळतात.

बरं, शेवटी खोदकाम सुरू झालं. एप्रिल २०२५ मध्ये पुझ्निकी या गावात. फेब्रुवारी १९४५ मध्ये एका रात्रीत नष्ट केलेलं पोलिश गाव. आता तिथे झाडी. ४२ जणांचे अवशेष तरी निघाले, आणि ६ सप्टेंबरला त्यांना ऐंशी वर्षांनी माती मिळाली. मंत्री आले, भाषणं झाली, युक्रेनियन पाहुणेही हजर होते. चांगलं झालं, मी इतकाही कडू नाही. मात्र त्या दोन घटनांच्या मध्ये, २ जुलैला, पोलंडने नवा कायदा करून ११ जुलैच्या दिवसाला वंशसंहाराच्या बळींचा राष्ट्रीय दिवस केलं, आणि युक्रेनच्या परराष्ट्र खात्याने हे शेजारधर्माला धरून नाही असं सुनावलं. एक फावडं मारायचं की एक निवेदन काढायचं, असा क्रम चालू आहे. परवानगी एकेका गावाला, एकेका अर्जाने, आणि इकडच्या कबरीबदली तिकडची कबर अशी तोलूनमापून दिली जाते. या वेगाने व्होलिन संपवायला शतक लागेल.

आणि अडचण कागदांची नाही. अशी गावं पुढे नांगराखाली गेली, काहींवर जंगल उगवलं. नकाशावर त्यांची नावं नाहीत. कुठल्या झाडापाशी विहीर होती, कुठल्या उताराला मढी लोटली, हे ज्यांनी पोरवयात पाहिलं ती माणसं, पोलिश आणि युक्रेनियन दोन्ही, आज नव्वदीत आहेत. शोधपथकं अजूनही त्यांनाच काठी टेकत शेतात नेतात आणि जागा दाखवायला सांगतात. त्यांना वाटाघाटींच्या पुढच्या फेरीची तारीख कळवून काही उपयोग नाही.